अण्णा, व्हीलचेअर आणि वेरूळची राणी

आधी एक सांगून टाकते. गोव्यातलं नौदलाचं हवाई संग्रहालय सोमवारी बंद असतं. आम्ही पहिल्यांदा ठरवलेली तारीख सोमवारचीच होती, आणि ते लक्षात आलं तिकीट काढायला बसल्यावर, भाच्याने सहज विचारलं म्हणून. नाहीतर पुण्याहून पंच्याहत्तर वर्षांच्या वडिलांना घेऊन जायचं आणि बंद फाटकातून विमानांची शेपटं बघून परत यायचं, एवढंच झालं असतं.

अण्णा नौदलात होते. १९६८ साली कागलहून भरती झाले, कोचीला शिकले, पंधरा वर्षं इंजिन मेकॅनिक म्हणून काढली आणि १९८३ च्या मध्यावर बाहेर पडले. शेवटची सहा-सात वर्षं दाबोळीला. लोक त्यांना हमखास १९७१ च्या युद्धाबद्दल विचारतात. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असतं, "मी कोचीत बाकावर बसून कार्ब्युरेटरची चित्रं काढत होतो." संग्रहालय सुरू झालं ऑक्टोबर १९९८ मध्ये, म्हणजे त्यांच्या निवृत्तीनंतर पंधरा वर्षांनी. दरवर्षी जायचं ठरायचं आणि काहीतरी आडवं यायचं. दोन वर्षांपूर्वी गुडघे आडवे आले. आता घरात ते काठीने फिरतात. बाहेर पन्नास-साठ पावलं, मग बसावं लागतं. आणि हे संग्रहालय बरंचसं उघड्यावर आहे. विमानं मैदानात उभी, त्यांच्यामधून आपण चालत फिरायचं. चालणं हाच तिथला मुख्य कार्यक्रम.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ते एकदम म्हणाले, "या थंडीत जाऊ. पुढच्या थंडीचं कुणी सांगितलंय?" मी घाबरले, पण हो म्हणाले.

पहिला प्रश्न रेल्वे की विमान. विमानाने जाणार असाल तर तिकिटावर विमानतळाचं नाव नीट वाचा. जानेवारी २०२३ पासून गोव्याला दोन विमानतळ आहेत. मोपा उत्तरेला, पेडण्यात, दाबोळी वास्कोजवळ. संग्रहालय दाबोळीच्या पठारावर, बोगमाळोच्या रस्त्यावर आहे. मोपाला उतरलात तर अर्धा गोवा ओलांडून यावं लागेल. अण्णांनी मात्र विमान साफ नाकारलं. "ज्या वाटेने नोकरीला गेलो त्याच वाटेने जायचं." म्हणजे मिरज, बेळगाव, लोंढा, कॅसलरॉक, दूधसागर, कुळे, वास्को.

आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. ३१ ऑक्टोबर २०२४ पर्यंत ते १२० दिवस होतं. आम्हाला मंगळवार, २१ जानेवारी २०२५ ला निघायचं होतं, म्हणून २२ नोव्हेंबरला सकाळी आठ वाजता मी फोन हातात धरून बसले. ज्येष्ठ नागरिकांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, पण खालच्या बर्थचा कोटा आहे, आणि त्यात एक गोम आहे. एका तिकिटावर जास्तीत जास्त दोघं, आणि दोघंही त्या कोट्यात बसणारे असावे लागतात: पुरुष ६० च्या पुढचे, बाई ४५ च्या पुढची. मी अठ्ठेचाळीस, म्हणजे अण्णा आणि मी बसतो. भाचा एकोणीस वर्षांचा; त्याचं नाव त्याच तिकिटावर घातलं असतं तर कोट्यावर पाणी पडलं असतं. म्हणून त्याचं तिकीट वेगळं काढलं. तो तीन डबे पलीकडे गेला, पण अण्णांना खालचा बर्थ मिळाला. थर्ड एसीचे तिघांचे जाऊन-येऊन साधारण सहा हजार तीनशे झाले.

नोव्हेंबर हा पेन्शनरांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. अण्णांचं म्हणणं, आधी जिवंत आहे हे सिद्ध करू, मग प्रवासाचं बघू. फोनवर चेहरा दाखवून दाखला काढता येतो, पण डोळ्यांची उघडझाप केल्याशिवाय ते यंत्र माणूस मानत नाही, आणि अण्णा कॅमेऱ्यासमोर सावधानमध्ये उभे राहिल्यासारखे टक लावून बघतात. सहाव्या प्रयत्नात जमलं.

मग डॉक्टर. गुडघ्यांबद्दल ते फारसं काही बोलले नाहीत, पण कामाची गोष्ट त्यांनीच काढली. अण्णांना रक्तदाबासाठी लघवीची गोळी आहे, ती सकाळी घेतली की पुढचे दोन-तीन तास सारखं जावं लागतं. फिरायच्या दिवशी ती कधी घ्यायची ते त्यांनी लिहून दिलं. तुमच्या घरी असं कुणी असेल तर मनाने वेळ बदलू नका, पण डॉक्टरांना हा प्रश्न नक्की विचारा. आमच्या सहलीचे दोन्ही दिवस त्या एका ओळीमुळे सुरळीत गेले.

व्हीलचेअर भाड्याने घेतली. आठवड्याचे चारशे रुपये, डिपॉझिट तीन हजार. अण्णांनी तिच्याकडे बघून विचारलं, "ही कुणासाठी?" मी म्हटलं, "सामानासाठी. थकलात तर तुम्ही पण बसा." हे त्यांना पटलं, किंवा पटल्यासारखं त्यांनी दाखवलं.

निघायच्या पहाटे तीन वाजता कॅब आली, आणि डिकीत सीएनजीची टाकी. घडीची खुर्चीसुद्धा त्यात मावेना. शेवटी ती पुढच्या सीटवर बसली, बेल्ट लावून, आणि आम्ही तिघं मागे. गाडी बोलावतानाच डिकी रिकामी आहे का ते विचारायचं, हे तेव्हा कळलं.

रेल्वे दीड तास उशिरा आली. फलाटावरची थंडी सोडली तर तक्रार नाही, कारण त्यामुळे पुढे घाटातला उजेड चांगला मिळाला. मिरजेला अण्णा खिडकीशी सरकले. त्यांच्या काळात मिरजेपुढे मीटर गेज होतं. पुण्याहून आलेली गाडी इथे सोडायची, ट्रंक डोक्यावर घ्यायची आणि छोट्या गाडीत जागा धरायला धावायचं. "मी कधी पहिला नव्हतो," ते म्हणाले. "पण उभं राहून गेलो असंही कधी झालं नाही." दूधसागरला जानेवारीत पाणी बेताचंच होतं. डब्यातले सगळे दाराकडे गेले. अण्णा जागेवर बसून डबा खात राहिले.

वास्कोत पोचायला रात्र झाली. हॉटेल मी तळमजल्याची खोली मागून ठरवलं होतं, दिवसाला दोन हजार दोनशे. खोली खरंच तळमजल्यावर होती. फक्त त्या तळमजल्यावर जायला बाहेरून पाच पायऱ्या होत्या, कठड्याशिवाय. फोनवर "लिफ्ट आहे का" असं विचारू नका. "रस्त्यापासून पलंगापर्यंत पायऱ्या किती" असं विचारा. अण्णा भाच्याच्या खांद्यावर हात ठेवून चढले. वर पोचल्यावर म्हणाले, "जहाजाच्या शिडीपेक्षा बरं."

बुधवार, २२ जानेवारी. टॅक्सीवाल्याशी जाणं, दोन तास थांबणं आणि परत येणं, असे दीड हजार ठरले. गोव्यात थांबायला सांगितलेली टॅक्सीच परवडते; तिथल्या पठारावर भर दुपारी नवीन गाडी शोधत बसणं वयस्कर माणसासोबत शक्य नाही. वाटेत नौदलाच्या तळाचं फाटक लागलं. आत जायचा प्रश्नच नव्हता, परवानगीशिवाय कुणालाच सोडत नाहीत. अण्णा म्हणाले, जरा थांबवा. चालक म्हणाला, इथे थांबता येत नाही, आणि फोटो तर अजिबात काढू नका. त्याचं बरोबर होतं. अण्णांनी मान वळवून जितकं दिसलं तितकं बघितलं.

संग्रहालयात तिकीट काढून आम्ही आत वळणार तेवढ्यात अण्णांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून माजी सैनिकाचं ओळखपत्र, डिस्चार्जचे कागद आणि एक कृष्णधवल फोटो बाहेर काढला. कुणी मागितलं नव्हतं. खिडकीतल्या माणसाने सगळं सावकाश पाहिलं आणि दोन्ही हातांनी परत दिलं. सगळ्या प्रवासात तिकिटाचा खर्च सर्वांत किरकोळ होता. फोटोचं ओळखपत्र मात्र प्रत्येकाने जवळ ठेवा.

आत गेल्या गेल्या भाचा सी हॅरियरकडे पळाला. त्याच्या वयाचं कुणीही पळेल: धावपट्टीशिवाय सरळ खाली उतरणारं लढाऊ विमान. इंजिनाच्या झोताला चार तोंडं, ती वळवायची. मागे वळवली की पुढे जातं, खाली वळवली की हवेत तरंगतं. पहिली सी हॅरियर डिसेंबर १९८३ मध्ये दाबोळीला उतरली आणि २०१६ मध्ये ती सगळी निवृत्त झाली. अण्णांनी दुरूनच बघितलं. "हे माझ्यानंतरचं." त्या विमानाशी त्यांचा सहा महिन्यांनी चुकामूक झाल्याचा राग आहे की काय, असं मला वाटलं.

व्हीलचेअरबद्दल एक. पुढची दोन छोटी चाकं गवतात आणि फरशांच्या फटीत अडकतात, आणि ढकलणाऱ्याने जोर लावला तर बसलेला माणूस पुढे फेकला जातो. खुर्ची किंचित मागे कलंडवून, पाठमोरी ओढत न्यायची. आम्हाला हे तिथेच उमगलं. एक बाई आपल्या सासूबाईंना तशा नेत होत्या, त्यांचं बघून. एकच अडचण, पाठमोऱ्या माणसाला पुढचं विमान दिसत नाही. अण्णांनी अर्धं संग्रहालय उलटं पाहिलं, प्रत्येक विमान लांब जाताना.

शॉर्ट सीलँड हे जमिनीवर आणि पाण्यावर, दोन्हीकडे उतरणारं छोटं विमान. भारतीय नौदलाचं पहिलं विमान याच जातीचं, १९५३ साली कोचीला आलं. पोट होडीसारखं, इंजिनं पाण्यापासून दूर राहावीत म्हणून वर पंखांत. शेजारून जाणारी शाळेतली पोरं त्याला हसत होती. एचटी-२ जवळ मात्र अण्णांनी थांबायला लावलं. भारतात आराखडा करून हिंदुस्थान एअरक्राफ्टने बांधलेलं शिकाऊ विमान, १९५१ साली उडालेलं, आणि त्याचा आराखडा डॉ. विष्णु माधव घाटगे यांचा. जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेला मराठी माणूस. अण्णांसाठी जगातला प्रत्येक घाटगे कागलचाच. मी वाद घातला नाही.

सी हॉक आणि अलिझे ही विक्रांतवरची जोडी. सी हॉक जेट, ४ डिसेंबर १९७१ ला तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर हल्ल्याला गेली ती हीच. अलिझे पंख्याचं, पाणबुड्या शोधणारं. पोटातला रडारचा घुमट ते हवेत खाली सोडायचं आणि उतरताना आत घ्यायचं. दोन्हींच्या शेपटीखाली आकडा असतो. जहाजावर आडव्या ताणलेल्या दोरखंडात तो अडकला की विमान थांबतं, नाही अडकला तर पुन्हा हवेत जावं लागतं. भाच्याने विचारलं, "आणि इंजिन तेव्हाच बंद पडलं तर?" अण्णा म्हणाले, "म्हणून तर आम्हाला पगार होता."

तेवढ्यात पठारामागून असा आवाज आला की भाच्याने कानांवर हात ठेवले. नौदलाची लढाऊ विमानं सकाळी सराव करतात. सोमवार ते शुक्रवार सकाळचे काही तास धावपट्टी त्यांच्याचसाठी राखलेली असते. आवाज ऐकायचा असेल तर कामाच्या दिवशी सकाळी जा. लहान बाळ असेल तर शनिवार-रविवार बरा.

आणि मग सुपर कॉन्स्टेलेशन.

हे विमान फोटोत लहान वाटतं. जवळ गेलं की कळतं, लांबी ११३ फूट, पंखांची टोकं १२३ फुटांवर. चार इंजिनं, माशासारखं वाकडं अंग आणि शेपटीला एकाऐवजी तीन पाती. एकच उंच पातं लावलं असतं तर ते त्या काळच्या हँगरात शिरलं नसतं. हे मूळचं एअर इंडियाचं, नाव 'रानी ऑफ एलोरा'. म्हणजे आपली वेरूळची राणी. १९५० च्या दशकात ती मुंबईहून परदेशी जायची. १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं आणि या राण्या जुन्या झाल्या. हवाई दलाने त्या घेतल्या, समुद्रावर टेहळणीला लावल्या. पुण्यात लोहगावला असायच्या. १९७६ मध्ये ते काम नौदलाकडे आलं, विमानं दाबोळीला आली, आणि अण्णाही. १९८३ च्या सुमारास विमानं आणि अण्णा एकत्रच निवृत्त झाले.

तीन महिने मी या क्षणासाठी राबले होते. भाच्याने व्हिडिओसाठी फोन धरला. अण्णांनी धडावरचा आकडा वाचला. ३१५.

"ही नाही आमची," ते म्हणाले. "मी बहुतेक दुसऱ्यावर होतो. ३१५ वर कधीमधी."

भाच्याने फोन खाली घेतला. मी म्हटलं, "अण्णा, पण जात तीच ना?"

"जात तीच." एवढं बोलून त्यांनी पाणी मागितलं. पंधरा मिनिटांत ते दमले, ऊन चढलं होतं, सव्वा तास झाला होता. आम्ही निघालो. टॅक्सीचे उरलेले पाऊण तासाचे पैसे पाण्यात गेले, आणि खरं सांगायचं तर माझा मूडही.

रात्री हॉटेलात भाचा फोनवर वाचत होता. गोवा मुक्तीच्या वेळी, १८ डिसेंबर १९६१ ला सकाळी पुण्याहून उडालेल्या हवाई दलाच्या बारा कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले होते. तिथे उभी असलेली दोन नागरी विमानं मात्र शाबूत राहिली. त्यातलं एक पोर्तुगीज एअरलाइनचं कॉन्स्टेलेशन. त्याच रात्री पोर्तुगीजांनी धावपट्टीचा एक तुकडा कसाबसा बुजवला, बायकामुलांना बसवलं आणि दोन्ही विमानं अंधारात उडून कराचीला पोचली. भाच्याला हे सिनेमासारखं वाटलं. अण्णा अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणाले, "कॉन्स्टेलेशन, भरलेलं, अर्ध्या धावपट्टीवरून. चारही इंजिनं चालली असणार त्या रात्री. नशीब." मग थोड्या वेळाने, "उद्या परत जाऊ."

माझ्या मूळ बेतात गुरुवार मोकळा ठेवला होता, विश्रांतीसाठी. कुणाला नेणार असाल तर हा एक दिवस जादा ठेवाच. एका लांब फेरीपेक्षा दोन आखूड फेऱ्या बऱ्या: पहिल्या दिवशी माणूस जागा ओळखतो, दुसऱ्या दिवशी बघतो. याच टॅक्सीवाल्याने गुरुवारी बाराशे घेतले. आम्ही सकाळी उघडल्याबरोबर आत गेलो आणि अण्णांनी बाकी काही न बघता खुर्ची थेट राणीकडे न्यायला सांगितली. पाठमोरी नाही, तोंड पुढे. फरशीच्या फटीत दोनदा अडकलो.

त्यांनी खुर्ची उजव्या बाजूच्या आतल्या इंजिनासमोर लावायला सांगितली, म्हणजे तीन नंबर. इंजिनं वैमानिकाच्या डाव्या हातापासून मोजतात. आणि भाच्याला, जो मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विचारलं, "प्लग किती?"

"एका इंजिनाला? चार? सहा?"

"अठरा सिलिंडर. नऊ-नऊच्या दोन रांगा, फुलासारख्या. प्रत्येकाला दोन प्लग."

"छत्तीस."

"आणि विमानाला?"

"एकशे चव्वेचाळीस," भाचा म्हणाला, आणि पहिल्यांदाच विमानाकडे नीट बघायला लागला.

पुढचा पाऊण तास मी बहुतेक गप्प होते. राइट कंपनीचं आर-३३५०, एकेक इंजिन ५५ लिटरचं. भाच्याने हिशेब केला, त्याच्या दीडशे सीसीच्या साडेतीनशेहून जास्त गाड्या. धुराचा जोर फुकट जाऊ नये म्हणून प्रत्येक इंजिनाला तीन छोटी टर्बाइनं, ती धुरावर फिरायची आणि ताकद परत दांड्याला द्यायची. त्यांचं नाव पॉवर रिकव्हरी टर्बाइन. मेकॅनिक लोक पार्ट्स रिकव्हरी म्हणायचे, कारण तुटली की तुकडे गोळा करत बसावं लागायचं. साऱ्या जगात या विमानाला तीन इंजिनांचं सर्वोत्तम विमान म्हणायचे, कारण चौथं कायम बंद. अण्णांनी हा विनोद आपल्या चीफने केलेला म्हणून सांगितला. भाच्याने हळूच मला खूण केली, नेटवर आहे म्हणून. मी त्याला गप्प केलं.

त्यांनी हे पण सांगितलं की रात्रभर उभ्या असलेल्या अशा इंजिनाच्या खालच्या सिलिंडरांत तेल उतरून साचतं. तसंच चालू केलं तर पिस्टन तेलावर आदळतो आणि आतली दांडी वाकते, कारण तेल दाबलं जात नाही. म्हणून सकाळी आधी पंखा फिरवून बघायचा, किती अडतोय. अडला तर खालचे प्लग काढून तेल सोडायचं. पावसाळ्यात दाबोळीला चार वाजता उठून हे करायचं, हात चिकट, वरून पाऊस.

मग ते पुढे वाकले. खुर्चीचा ब्रेक लावलाय का ते मी बघितलं. ते विमानाकडे बघत नव्हते, इंजिनाच्या खालच्या जमिनीकडे बघत होते. चारही इंजिनांखाली बघायला त्यांनी आम्हाला फेरी मारायला लावली.

"कोरडं आहे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"ही इंजिनं गळायचीच. खाली ट्रे ठेवायचो आम्ही. एखाद्या सकाळी ट्रे कोरडा दिसला तर चीफ ओरडायचा, तेल संपलंय बघा." त्यांनी पाय खुर्चीच्या पट्टीवर परत ठेवले. "चला, चहा घेऊ."

कँटीनमध्ये चहा आणि सामोसा झाला. इमारतीत विक्रांत आणि विराटच्या प्रतिकृती आहेत, बाँब, टॉर्पेडो, जुनी यंत्रं आहेत. वरच्या मजल्यावर भाचा एकटाच जाऊन आला. विक्रांतच्या प्रतिकृतीसमोर अण्णा थोडा वेळ होते. खरी विक्रांत अनेक वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. मी शाळेच्या मुलांना घेऊन गेलेली माणसं ओळखते. आम्ही मात्र मुंबईला शंभरदा जाऊनही गेलो नाही. २०१४ मध्ये ती भंगारात निघाली. दाबोळीच्या खाऱ्या वाऱ्यात आणि गोव्याच्या पावसात ॲल्युमिनियम उघड्यावर किती काळ तगेल, हे मी अण्णांना विचारलं. "रंग वेळेवर दिला तर बराच," ते म्हणाले, आणि राणीच्या रंगाबद्दल तांत्रिक असं बरंच काही बोलले, जे मला समजलं नाही.

एकूण खर्च मांडून ठेवते, कुणाला अंदाज लागेल. रेल्वे सहा हजार तीनशे, हॉटेल तीन रात्रींचे सहा हजार सहाशे, टॅक्सी सगळी मिळून साडेतीन हजार, खुर्ची चारशे, खाणंपिणं आणि पुण्यातल्या कॅब धरून आणखी साडेतीन. वीस हजार तीनशेच्या आसपास, तिघांचे. टोपी, ओआरएसची पाकिटं आणि खुर्चीवर घालायला एक उशी न्या. कापडी सीट तासाभरात टोचायला लागते. बोगमाळोचा किनारा तिथून जवळ आहे, पण वाळूत खुर्ची जात नाही, आणि अण्णांना समुद्रात रस नाही. पंधरा वर्षं पाहिला म्हणतात.

शुक्रवारी निघून शनिवारी घरी पोचलो. सोमवारी खुर्ची परत करायची होती. रविवारी दुपारी मी झोपून उठले तर अण्णा बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून बसलेले. खुर्ची आडवी, पुढची दोन्ही छोटी चाकं काढलेली, त्यातली गोव्याची लाल धूळ कागदावर, आणि भाचा ग्रीसचा डबा धरून उभा. "बेअरिंग आधीपासूनच कोरडं होतं," अण्णा वर न बघता म्हणाले. "म्हणून अडकत होती. तुम्ही उगाच फरशीला नावं ठेवत होतात."

दुकानदाराने चाक फिरवून बघितलं, दोनदा फिरवलं, आणि डिपॉझिटचे तीन हजार पूर्ण परत दिले.